विश्लेषण : इलेक्ट्रिक की साधा ब्रश? त्याआधी सांगा, दात किती वेळ घासता?

सकाळी सव्वासात. हडपसर गाडीतळावर पीएमपीच्या बससाठी गर्दी, मगरपट्टा आणि अमनोराच्या दिशेने निघालेल्या कंपन्यांच्या कॅब, मधूनच वाट काढणाऱ्या शाळेच्या व्हॅन. या घाईत घरोघरी सगळ्यात आधी कात्री लागते ती बेसिनसमोरच्या वेळेला. चहा सुटत नाही, डबा सुटत नाही, मोबाइल तर नाहीच नाही. दात घासणं मात्र 'झालं एकदाचं' म्हणून उरकलं जातं.

याच परिसरातल्या मॉलमध्ये, मेडिकलच्या काचेच्या कपाटात आणि ऑनलाइन खरेदीच्या ॲपवर आता इलेक्ट्रिक टूथब्रश सहज दिसतो. 'दोन मिनिटांचा टायमर', 'मिनिटाला 31 हजार स्ट्रोक' अशी वाक्यं खोक्यावर असतात. साध्या ब्रशच्या कैकपट किंमत मोजून हे यंत्र घ्यावं का? त्याने दात खरंच जास्त स्वच्छ होतात, की फक्त आपण जास्त वेळ उभे राहतो? या प्रश्नांची उत्तरं आकड्यांत शोधू.

आपण दात नेमके किती वेळ घासतो?

'दात किती वेळ घासता?' असं विचारलं तर बहुतेकांचं उत्तर 'दोन-तीन मिनिटं' असं असतं. घड्याळ वेगळं सांगतं. 1985 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कोणतीही सूचना न दिलेल्या 60 तरुण-तरुणींच्या दात घासण्याची वेळ मोजण्यात आली. सरासरी आली 33 सेकंद. 2009 मध्ये जर्मनीतल्या प्रौढांवर झालेल्या अभ्यासात ही सरासरी सुमारे 97 सेकंद निघाली. म्हणजे देश, वय आणि मोजण्याची पद्धत बदलली की आकडा बदलतो, पण दोन मिनिटांची रेषा सरासरीने ओलांडलेली दिसत नाही.

त्याहून रंजक निष्कर्ष 1998 मधला आहे. त्या अभ्यासात लोकांना आधी त्यांचा अंदाज विचारला आणि मग प्रत्यक्ष वेळ मोजली. अंदाज दोन मिनिटांच्या पुढचा होता, प्रत्यक्ष वेळ सव्वा मिनिटाच्या आसपास. आपल्याला वाटतो त्याच्या जेमतेम निम्मा वेळ आपण देतो.

असं का होतं? पहिलं कारण म्हणजे फेस आणि पुदिन्याचा गारवा. पेस्टमधल्या फेस आणणाऱ्या घटकामुळे काही सेकंदांतच तोंड भरून येतं आणि गारव्यामुळे 'स्वच्छ झालं' असं वाटू लागतं. हा संकेत जिभेकडून येतो, दातांकडून नव्हे. दुसरं कारण म्हणजे काम पूर्ण झालं हे सांगणारं काहीच समोर नसतं. भांडं घासताना खरकटं निघालेलं दिसतं. दातावरचा चिकट थर, ज्याला दंतवैद्य प्लाक म्हणतात, तो दाताच्याच रंगाचा असतो. राहिला तरी आरशात कळत नाही.

दोन मिनिटंच का?

दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं आणि फ्लोराइडयुक्त पेस्ट, हा सल्ला जगभरातल्या दंतवैद्यक संघटना देतात. त्यामागचं साधं गणित घरीही मांडता येतं.

अक्कलदाढा सोडल्या तर तोंडात 28 दात. प्रत्येकाची एक बाहेरची आणि एक आतली बाजू, म्हणजे 56. शिवाय 16 दाढा-उपदाढांचे चावण्याचे पृष्ठभाग. एकूण 72 पृष्ठभाग. ब्रशचं डोकं एका वेळी साधारण तीन दातांवर बसतं असं धरलं, तर ब्रश 24 ठिकाणी थांबवावा लागतो. दोन मिनिटं दिली तर प्रत्येक ठिकाणी पाच सेकंद मिळतात. 45 सेकंदांत उरकलं तर दोन सेकंदांपेक्षाही कमी. तेवढ्यात ब्रश त्या जागेवरून फक्त सरकतो.

प्रयोगही हेच सांगतात. अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या अंदाजानुसार साध्या ब्रशने एक मिनिट घासल्यावर प्लाक सरासरी 27 टक्क्यांनी कमी होतो, दोन मिनिटांनी 41 टक्क्यांनी. 2009 मधल्या आणखी एका अभ्यासात 45 सेकंदांच्या तुलनेत दोन मिनिटांत 26 टक्के जास्त प्लाक निघाला. 30 सेकंद आणि तीन मिनिटं यांची तुलना केली तेव्हा हा फरक 55 टक्के होता. ब्रश तोच, हात तोच, पेस्ट तीच. बदलली ती फक्त वेळ.

हे इतकं महत्त्वाचं का?

कारण राहिलेला प्लाक तिथेच थांबत नाही. त्यातले जिवाणू साखरेवर जगतात आणि आम्ल तयार करतात. त्या आम्लाने दाताचं कवच झिजतं आणि कीड लागते. हिरडीच्या कडेला साचलेला प्लाक कडक होऊन त्याचं किटण बनतं, जे घरच्या ब्रशने निघत नाही. हिरड्या सुजतात, रक्त येतं आणि दुर्लक्ष केलं तर दाताला धरून ठेवणारं हाड झिजतं. हिरड्यांचा आजार आणि मधुमेह यांचा संबंध दुहेरी आहे. एक बिघडला की दुसरा आवरणं अवघड जातं.

भारतीय दंत परिषदेच्या 2002-03 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात 35 ते 44 वयोगटातल्या सुमारे 80 टक्के लोकांमध्ये दातांची कीड आणि जवळपास 90 टक्के लोकांमध्ये हिरड्यांचा काही ना काही त्रास आढळला होता. त्यात खिशाचाही प्रश्न आहे. दातांचे नेहमीचे उपचार बहुतेक साध्या आरोग्य विम्यात येत नाहीत. रूट कॅनल आणि वरची कॅप यांचे काही हजार रुपये कुटुंबाच्या खिशातूनच जातात. बेसिनसमोर वाचवलेला एक मिनिट असा महागात पडतो.

इलेक्ट्रिक ब्रश आला कुठून? तो करतो काय?

हे यंत्र घाईत असलेल्यांसाठी बनलेलं नव्हतं. 1954 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये फिलिप-गी वूग यांनी 'ब्रॉक्सोडेंट' हा विजेवरचा ब्रश तयार केला. हाताच्या हालचालींवर मर्यादा असलेले आणि दातांना तारा लावलेले रुग्ण डोळ्यांसमोर होते. तो वायरने थेट विजेला जोडावा लागे. 1961 मध्ये जनरल इलेक्ट्रिकने वायर नसलेला, चार्ज होणारा ब्रश बाजारात आणला.

आज मुख्यतः दोन प्रकार मिळतात. पहिल्यात छोटं गोल डोकं डावीकडे-उजवीकडे अर्धवट फिरत राहतं. ओरल-बीचे बहुतेक ब्रश या जातीचे. दुसरा 'सोनिक'. त्याचं डोकं साध्या ब्रशसारखं लांबट असतं आणि ते वेगाने थरथरतं. फिलिप्स सोनिकेअर त्यातलं ओळखीचं नाव.

खोक्यावरचा 31 हजारांचा आकडाही समजून घेऊ. सोनिक ब्रश सेकंदाला साधारण 260 वेळा कंप पावतो. मिनिटाला 15,600. प्रत्येक कंपनात एकदा इकडे, एकदा तिकडे, म्हणजे 31,200 हालचाली. आकडा खरा आहे, पण यातली प्रत्येक हालचाल खूपच छोटी असते. हाताने मारलेल्या लांब स्ट्रोकशी तिची थेट बरोबरी करता येत नाही. '31 हजार विरुद्ध आपले 300' ही तुलना म्हणजे मुंगीची पावलं आणि माणसाची पावलं मोजण्यासारखं आहे.

ओल्या बेसिनजवळ हे चार्ज करणं सुरक्षित आहे का, असंही अनेक जण विचारतात. बहुतेक ब्रश इंडक्शनवर चार्ज होतात. स्टँडमध्ये एक कॉइल, हँडलमध्ये दुसरी आणि दोन्हींमध्ये प्लास्टिक. मोबाइलचं वायरलेस चार्जिंग याच तत्त्वावर चालतं. उघडा धातू पाण्याच्या संपर्कात येत नाही. तरीही चार्जरचा प्लग आणि सॉकेट पाण्यापासून लांब असावेत.

दोन्हींच्या तुलनेत अभ्यास काय सांगतात?

सर्वांत जास्त उद्धृत केला जातो तो 2014 चा कॉक्रेन आढावा. त्यात 56 चाचण्या आणि 5,068 सहभागींची माहिती तपासली गेली. एक ते तीन महिन्यांच्या वापरात इलेक्ट्रिक ब्रशने साध्या ब्रशपेक्षा प्लाक 11 टक्के जास्त कमी केला, तीन महिन्यांनंतर 21 टक्के. हिरड्यांची सूज याच काळात अनुक्रमे 6 आणि 11 टक्के जास्त कमी झाली. फायदा आहे, पण या फरकामुळे दातांच्या आरोग्यावर दीर्घकाळात किती परिणाम होतो, हे त्या आढाव्यातून स्पष्ट होत नव्हतं.

त्या प्रश्नाच्या जवळ जाणारा अभ्यास 2019 मध्ये जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्ड इथून आला. 2,819 प्रौढांवर 11 वर्षं लक्ष ठेवण्यात आलं. इलेक्ट्रिक ब्रश वापरणाऱ्यांमध्ये हिरड्यांचा आजार हळू वाढला आणि त्यांनी गमावलेल्या दातांची संख्या जवळपास पाचव्या हिश्श्याने कमी होती. मात्र ही निरीक्षणं होती, कोणाला कोणता ब्रश द्यायचा हे संशोधकांनी ठरवलेलं नव्हतं. महागडा ब्रश घेणारी माणसं दातांकडे एरवीही जास्त लक्ष देत असण्याची शक्यता असते. संशोधकांनी शिक्षणासारख्या गोष्टींचा हिशोब धरला, तरी ही शंका पूर्णपणे मिटत नाही.

आता दुसरी बाजू. एकदा घासल्यावर प्लाक किती निघतो याचे स्वतंत्र आढावे आहेत. साध्या ब्रशने सरासरी 42 टक्के, इलेक्ट्रिकने 46 टक्के. म्हणजे कोणताही ब्रश घ्या, एका वेळी निम्म्याहून जास्त प्लाक मागे राहतोच. जर्मनीतल्याच गीसेन विद्यापीठात रोज इलेक्ट्रिक ब्रश वापरणारे आणि रोज साधा ब्रश वापरणारे यांना 'जमेल तितके स्वच्छ घासा' असं सांगितलं गेलं, तेव्हा दोन्ही गटांच्या स्वच्छतेत लक्षणीय फरक दिसला नाही.

हे निष्कर्ष परस्परविरोधी वाटले तरी त्यातून एक गोष्ट पुढे येते. ठरवून दिलेल्या वेळेत, नीट शिकवून घासायला लावलं तर इलेक्ट्रिक ब्रश थोडा पुढे राहतो. घरच्या सवयीने वापरला तर ती आघाडी सहज हरवते.

मग वेळ वाढवतो कोण, मोटर की टायमर?

इलेक्ट्रिक ब्रशमधला सर्वांत स्वस्त भाग बहुधा त्याचा टायमर असेल आणि घासण्याची वेळ वाढवण्याचं काम तोच करतो. दर 30 सेकंदांनी ब्रश क्षणभर अडखळतो. तोंडाचे चार भाग कल्पून पुढच्या भागाकडे जाण्याची ही खूण असते. दोन मिनिटं झाली की तो वेगळा इशारा देतो किंवा थांबतो. आपल्या मेंदूला जो 'काम पूर्ण झालं' हा संकेत एरवी मिळत नाही, तो इथे हाताला जाणवतो.

पण टायमर सुचवतो, सक्ती करत नाही. घाई असेल तर बटण 40 सेकंदांनीही बंद करता येतं. उलट बाजूने पाहिलं तर हा टायमर मोबाइलमध्ये फुकट आहे. साधा ब्रश वापरणाऱ्याने दोन मिनिटांचा टायमर लावला आणि दर 30 सेकंदांनी तोंडाचा भाग बदलला, तर इलेक्ट्रिक ब्रशचा मोठा फायदा त्याच्या हातात आला.

जुन्या पिढीला घड्याळाची गरज नव्हती. अंगणात बसून कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी चावताना वेळ आपोआप जाई. मात्र सगळंच जुनं चांगलं असं नाही. राज्यात अनेक घरांत आजही स्त्रिया मशेरी लावतात, तीही दिवसातून अनेकदा आणि बराच वेळ. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. ती जितका जास्त वेळ तोंडात राहील तितका तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. वेळ द्यायचा तो ब्रशला आणि फ्लोराइडच्या पेस्टला.

दोन मिनिटं दिली तरी काय चुकतं?

गीसेनमध्ये 2018 साली झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात लोकांनी मन लावून, पुरेसा वेळ देऊन दात घासले. तरीही हिरड्यांच्या कडेला बराच प्लाक राहिला. दातांच्या आतल्या बाजूंना, म्हणजे जिभेकडच्या आणि टाळूकडच्या भागांना, बाहेरच्या बाजूंपेक्षा खूपच कमी वेळ मिळाला होता. आरशात दिसतं ते आपण घासतो, दिसत नाही ते राहतं. उपाय सोपा आहे : सुरुवात आतल्या बाजूने करा. वेळ कमी पडलाच तर बाहेरच्या बाजूला पडू द्या.

दुसरी चूक जोर लावण्याची. दाब साधारण 150 ग्रॅमच्या आसपास पुरतो. स्वयंपाकघरातल्या डिजिटल वजनकाट्यावर ब्रश दाबून पाहा, हा दाब किती हलका आहे ते लगेच कळेल. जास्त जोराने हिरड्या खाली सरकतात आणि मुळाजवळचा भाग उघडा पडून थंड-गरम झोंबू लागतं. ब्रश हिरडीच्या कडेला तिरका, साधारण 45 अंशांत धरून छोट्या हालचाली करणं चांगलं. इलेक्ट्रिक ब्रशने तर घासायचंच नसतं. तो एका दातावर काही क्षण टेकवायचा आणि मग पुढच्या दातावर न्यायचा. अनेक जण इलेक्ट्रिक ब्रशही साध्यासारखा मागे-पुढे रगडतात आणि यंत्राचा फायदा तिथेच संपतो.

तिसरी चूक शेवटच्या चुळीची. खळखळून चूळ भरण्याची सवय आपल्या हाडीमाशी आहे, पण त्याने दातांवर राहायला हवं ते फ्लोराइडही धुऊन जातं. ब्रिटनच्या आरोग्य सेवेचा सल्ला आहे की फेस थुंकून टाका, लगेच पाण्याने तोंड धुऊ नका.

रात्रपाळीवाल्यांनी काय करायचं?

आपल्याकडे 'सकाळी उठल्यावर दात घासणे' हा संस्कार पक्का आहे. राहतो तो दुसरा ब्रश. झोपेत लाळ कमी सुटते आणि आम्लाला आवर घालणारं नैसर्गिक संरक्षण ढिलं पडतं. त्यामुळे झोपण्यापूर्वीचा ब्रश टाळू नये. हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत किंवा आयटी पार्कमध्ये रात्रपाळी करणाऱ्यांसाठी नियम घड्याळाचा नाही, झोपेचा आहे. सकाळी आठला घरी येऊन झोपत असाल तर चहा-बिस्किटं झाल्यावर, अंथरुणावर पडण्याआधी ब्रश करा.

वर्षाचा हिशोबही बोलका आहे. रोज एकदा 45 सेकंद घासणारा माणूस वर्षभरात साडेचार तास दात घासतो. दोनदा दोन मिनिटं देणारा 24 तासांहून जास्त. साधा ब्रश सोडून इलेक्ट्रिक घेतल्याने पडणाऱ्या फरकापेक्षा हा फरक कितीतरी मोठा आहे.

नळ बंद, टायमर चालू

वेळ वाढवायची तर पाण्याचा विचार करावा लागेल. बेसिनच्या नळातून मिनिटाला सहा लिटर पाणी येतं असं धरलं, तर दोन मिनिटं नळ सुरू ठेवल्यास 12 लिटर वाया जातात. चार जणांच्या घरात दिवसाला दोनदा, म्हणजे 96 लिटर. हडपसर आणि फुरसुंगी परिसरात अनेक सोसायट्यांना उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो. तिथे ब्रश ओला करून नळ बंद करणं आणि शेवटी मग वापरणं, एवढं पुरेसं आहे.

इलेक्ट्रिक ब्रश कोणी घ्यावा?

संधिवात, कंपवात किंवा पक्षाघातामुळे हात नीट चालत नसेल, तर तो नक्कीच उपयोगी. वयस्कर व्यक्तीचे दात दुसऱ्या कोणी घासून देत असेल, दातांना तारा असतील किंवा मुलं ब्रशला कंटाळत असतील, तिथेही त्याची मदत होते. मुलांच्या बाबतीत वयाच्या सात-आठ वर्षांपर्यंत पालकांनी स्वतः लक्ष घालून ब्रश करून घ्यावा. पेस्ट तीन वर्षांखालील मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यापुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पुरते.

घेण्याआधी नंतरचा खर्च मोजा. ब्रशचं डोकं दर तीन महिन्यांनी, केस वाकले तर त्याआधीही बदलावं लागतं. समजा हँडल दोन हजारांचं आणि डोकं 250 रुपयांचं, तर पहिल्या वर्षी चार डोक्यांसह तीन हजार रुपये होतात आणि पुढे दरवर्षी हजार. 40 रुपयांचा साधा ब्रश वर्षाला 160 रुपयांत भागतो. घरात एक हँडल आणि प्रत्येकाचं वेगळं डोकं, असं करता येतं. डोकं मात्र कोणाशीही वाटून घेऊ नये. खरेदी करताना टायमर आणि दाब जास्त झाल्यास इशारा देणारा सेन्सर या दोन सोयी पाहा. ॲप आणि ब्लूटूथ नसले तरी अडत नाही.

आज रात्री काय करायचं?

एक छोटी चाचणी घरी करता येते. रोजच्यासारखे दात घासा, पण घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी गुपचूप वेळ मोजायला सांगा. आकडा पाहिल्यावर दुसऱ्या दिवसापासून दोन मिनिटांचा टायमर लावा, आतल्या बाजूंपासून सुरुवात करा, दाब हलका ठेवा. हे दोन आठवडे साध्या ब्रशने जमलं, तर यंत्राची घाई नाही. रोज विसर पडत असेल, वेळ भरत नसेल किंवा हात साथ देत नसेल, तर इलेक्ट्रिक ब्रशवर खर्च करायला हरकत नाही. आणि हिरड्यांतून सतत रक्त येत असेल, तर ब्रश बदलण्याची वाट न पाहता दंतवैद्याकडे जाणं हेच योग्य.